सांडशीतलं बोट

अक्का गेल्याचं मला कुणा माणसानं सांगितलं नाही. मी तुळजापुरात होते. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीसोबत देवीला गेले होते आणि रांगेत असताना मोबाईल पिशवीच्या तळाशी पडून होता. दर्शन झाल्यावर कुंकवाच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून तो उघडला, तर आमच्या लोहाऱ्याच्या गटावर अक्काचा फोटो. भोवती झेंडूची माळ, खाली हलणारी पणती, आणि मजकूर असा की, ‘आमच्या घरच्या डॉक्टर, गोरगरिबांची माउली, डॉ. गिरिजाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ पाठवणारे सिद्रामप्पा. त्याखाली जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. दवाखान्यातल्या मन्मथचे न घेतलेले फोन मला नंतर दिसले. माझी सख्खी थोरली बहीण गेली आणि ते मला कळवलं कुणी, तर ज्या माणसानं तिचं नाव बाजारभर नासवलं त्यानं. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. हा लेख मी त्या रागातच लिहितेय, तेव्हा ज्यांना श्रद्धांजलीचा गोडवा हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

अक्का सकाळी दवाखान्यात जायला निघाली होती. चपला घालायला म्हणून ओसरीवरच्या खुर्चीत बसली ती बसलीच. मन्मथ सांगतो, एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. आमच्यात दहन नाही, बसवून माती देतात. त्याआधी तिला आंघोळ घालताना मी तिचा उजवा हात धरला होता. तर्जनीच्या मधल्या पेराला दोन्ही बाजूंनी घट्टे पडलेले, पेर चपटं झालेलं. कापडाच्या दुकानात कात्री चालवणाऱ्याच्या अंगठ्याला पडतो तसला घट्टा, पण बोटाच्या दोन्ही अंगांना. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “ह्ये काय झालंय गं बोटाला बाईंच्या?” त्या घरात, त्या घोळक्यात, त्या बोटाची गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि सांगायची तर तिनं मला बंदी घातली होती. ती काय गोष्ट, ते सांगायलाच बसलेय.

आमच्या वडलांचं लोहाऱ्यात भुसार दुकान होतं. ज्वारी, तूर, हरभरा. मुलीनं डॉक्टरकी शिकावी हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं देव जाणे, पण अक्का सोलापूरला शिकली आणि शिकून परत लोहाऱ्यात आली. तिच्याबरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, काही अमेरिकेत. ही इथं आली, लग्न केलं नाही, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकला. तालुक्यातल्या अडलेल्या बाया बैलगाडीनं, नंतर जीपनं तिच्याकडं यायच्या. मी धाकटी, धाराशिवच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायचे, आणि सुट्टी लागली की लोहाऱ्याला यायचे. नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर तर कायमचीच आले. आम्हा दोघींचा स्वभाव म्हणजे एक टोक आणि दुसरं टोक. मी भांडखोर. ती मुकी. मला कुणी एक बोललं तर मी चार ऐकवणार, आणि तिला कुणी चार बोललं तर ती म्हणणार, “पाणी घेता का?”

तिच्याकडं एक अवजार होतं. स्टीलच्या डब्यात, हिरव्या कापडात गुंडाळलेलं. इंग्रजीत फोर्सेप्स. गावात त्याला म्हणायचे चिमटा. बाळाचं डोकं अगदी खाली आलंय, बाईच्या अंगात कळ द्यायला जोर उरला नाही, आणि आत बाळाचे ठोके मंदावत चाललेत, अशा वेळी त्या अवजारानं बाळाचं डोकं दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घ्यायचं. एकदा सुट्टीत अक्कानं ते मला ओसरीवर उघडून दाखवलं. मला वाटलं होतं पकडीसारखं काहीतरी अखंड असेल. ते दोन वेगळे भाग निघाले, मोठ्या पळ्यांसारखे. आधी डावं पातं, मग उजवं, आणि मग दोन्ही एकमेकांत अडकवायची. “आणि पातं जायच्या आधी माझा हात आत जातो,” ती म्हणाली. “बाईच्या अंगाला आन् लोखंडाला मधी माझा तळवा. नुसतं लोखंड कधी घालायचं न्हाय.” मग तिनं अवजाराच्या दोन्ही मुठी जुळवल्या आणि त्यांच्या मधे उजव्या हाताचं बोट घातलं. “आन् ओढताना हे बोट असं मधी ठेवायचं. आपण घाबरलो की हात आवळतो गं. आवळला तर आधी माझं बोट चेंगरंल. बोट दुखलं की मला कळतं, दाब लई होतोय.”

मी शब्दांची मास्तरीण. मला अवजारापेक्षा नावात रस. मी तिला म्हटलं, आपल्या जुन्या शल्यशास्त्रात ह्याच घराण्यातल्या अवजाराला संदंश म्हणतात, आणि त्या संदंशापासूनच लोहाराचा सांडस आला आणि आपल्या चुलीपुढची सांडशी आली. तुझं अवजार म्हणजे आपल्या सांडशीची थोरली जाऊ. तिला ते फार आवडलं. मग मी मास्तरकीच्या भरात पुढं सांगितलं, की संदंशात दंश आहे, दोन्हीकडून चावणं. त्यावर पातं कापडानं पुसत ती म्हणाली, “आमच्या सरांनी फोर्सेप्सचा अर्थ सांगितला होता. लॅटिन आहे म्हणे. तापलेलं धरणारा, असा. त्यांच्याकडंबी ते लोहाराचंच होतं आधी.” आणि मग, “तू सांगितलेलं नाव अवजाराकडं बघतंय, शके. ते चावतं, म्हणून दंश. त्यांचं नाव जे धरलंय त्याच्याकडं बघतंय. ते तापलंय, म्हणून जपून धरा. मला ते नाव पटतं.” मी नेहमीप्रमाणं वाद घातला. जन्मभर धातू आणि प्रत्यय शिकवले, पण नावाकडं असं कुणी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती घाबरलेल्या बायांना चिमटा म्हणायचीच नाही. “चिमटा काढतात गं बाई. मी सांडशीनं धरणार हाय. दुधाचं पातेलं उतरवतीस की न्हाय तू?” एवढं म्हटलं की बाई हसायची, निदान हसल्यासारखं करायची.

आता सिद्रामप्पा. आमच्याच गल्लीतले, आमच्याच समाजातले, खत-बियाण्याचं दुकान. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांची बायको महानंदा वहिनी. तिचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा भर दुपारी तिला अक्काकडं आणलं. बाळाचे ठोके पडत चालले होते, सोलापूरला न्यायला वेळ नव्हता. अक्कानं सांडशीनं बाळ घेतलं. ते रडलं, दणकून रडलं. दोन्ही गालांवर लाल रेघा होत्या, त्या बारशाच्या आत गेल्या. बसवराज नाव ठेवलं. सिद्रामप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि अक्काच्या पायावर डोकं ठेवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बसू दोन वर्षांचा होता तेव्हा त्याला ताप आला. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मी लोहाऱ्यात होते. वहिनी त्याला खांद्यावर टाकून घेऊन आली. मान कडक झालेली, डोळे फिरवत होता. अक्कानं त्याला बघितलं आणि सिद्रामप्पांना म्हणाली, “हे माझ्या हातातलं न्हाय. आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या. मेंदूचा ताप दिसतोय.” सिद्रामप्पा म्हणाले, “बाई, रब्बीची पेरणी हाय. खताची गाडी यायलीय. आजच्या दिस गोळी द्या, उद्याचं बघू.” अक्का चिडली. मी तिला जन्मात एकदाच चिडलेली पाहिलं, ती तेव्हा. “खत कोन बी उतरवून घेईल. पोरगं उतरवून घ्यायला कुणी येणार न्हाय!” तरी तो उद्या उगवायला वेळ लागला. गाडी आली, खत उतरलं, गिऱ्हाईक झालं, आणि मग जीप केली. सोलापूरच्या डॉक्टरांनी बसूला वाचवलं. पण पोरगं घरी आलं ते ऐकायचं बंद होऊन.

आणि मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, अप्पा, पोराला ऐकू का येत न्हाय? सिद्रामप्पा उसासा सोडायचे. “काय करता… चिमट्यानं काढलं बाईंनी. कानाची शीर दाबली.” एवढंच. कधी आरडाओरडा नाही, तक्रार नाही, कोर्ट नाही. असतं तर बरं झालं असतं, तिथं कुणी तापाचं विचारलं तरी असतं. नुसता उसासा, आणि शेजारी खताची पोती. तो उसासा तालुक्यात गावोगाव पोचला. लोहाऱ्यातल्या लोकांना तर नाचता येईना अंगण वाकडं अशी सोयच झाली. पोरगं तिरळं बघतं, चिमटा. डावरं आहे, चिमटा. दहावीला गणितात गेलं, चिमटा. एक जण तर घरची कटकट नको म्हणून सासुरवाडीला जाऊन राहिला, तरी त्याची आई म्हणाली, “त्याला बी चिमट्यानंच काढलाय.” ती तर घरी बाळंत झाली होती, सुइणीच्या हातून! मी हे अक्काला सांगितलं तर ती खो खो हसली. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

मला हसू का येत नाही ते सांगते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माकणीकडून एक मुलगी आली. पहिलटकरीण, सोबत सासू आणि दीर. डोकं खाली आलेलं, मुलगी दमून पडलेली. अक्कानं डबा उकळायला ठेवायला सांगितलं, आणि तो डबा बघून सासू दारात आडवी झाली. “बाई, पाया पडते, चिमटा लावू नगा. आमाला भैरं पोर नगं. आमी सोलापूरला न्हेतो.” अक्का तिला समजावत होती. बाहेरून मला तिचा आवाज ऐकू येत होता, एकाच पट्टीतला, पुन्हा पुन्हा. “मावशी, सोलापूर लई लांब हाय. पोर दारात आलंय. मला धरू द्या.” दिरानं जीप दाराशी लावली होती. अक्का थांबवू शकली नाही. मग तीही त्या जीपमध्ये चढली, पिशवी घेऊन.

ती संध्याकाळी परत आली. न्हाणीत जाऊन हात धुतले, किती वेळ धुतच होती. वाटेतच बाळ झालं होतं… आणि ते रडलं नव्हतं. आई वाचली. अक्का ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “पिशवीत होतं गं. उकळून, कापडात बांधून न्हेलं होतं. वाटेत मी दोनदा म्हणाले, गाडी थांबवा, मला धरू द्या.” एवढंच बोलली. मी मात्र ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तू सांगत का नाहीस? बसूला ताप आला होता सांग! त्यांनी खताची गाडी उतरवून घेतली सांग! उद्याच्या बाजारात उभी राहा आणि सांग, नाहीतर मी सांगते! तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी थांबले. “पेशंटच्या घरातलं बाहेर सांगायचं न्हाय, शके. महानंदानं पोर माझ्या हातात दिलं होतं. तिचं घर मी बाजारात न्हेऊ? आन् तू बी न्यायचं न्हाय. शपथ हाय माझी.” मला तिचा राग आला. आजही येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, का रागावू नये? तिचा हा मोठेपणा कुणाला चाटायचा होता? एक मूल जीपमध्ये गेलं, आणि ती कुणाचं घर सांभाळत होती? मी हे तिला त्या वेळीही विचारलं होतं. दूध तापत ठेवलं होतं ते वर आलं, तिनं सांडशीनं पातेलं उतरवलं. तिची सवय अशी होती की घरातली सांडशीसुद्धा ती त्याच पद्धतीनं धरायची, दोन दांड्यांच्या मधे तर्जनी घालून. आई असताना ओरडायची, “गिरिजा, बोट भाजंल!” ती म्हणायची, “हाताला वळण असू दे, अव्वा.” त्या संध्याकाळी मी ते बोट बघत राहिले. पातेलं ओट्यावर टेकलं तरी तिनं सांडशी सोडली नव्हती.

हळूहळू बाया थेट सोलापूरलाच जाऊ लागल्या. अक्का ताप-खोकला बघत राहिली, मुलांना डोस देत राहिली. बसू मोठा झाला. त्यानं रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकलंय, हात चांगला आहे पोराचा. तो आणि अक्का हातवाऱ्यांनी तासन्‌तास बोलायचे, काय बोलायचे त्यांचं त्यांना ठाऊक. आमचं लोखंडी फाटक त्यानंच केलंय. माती द्यायच्या दिवशी खड्ड्यात उतरून अक्काला नीट बसवून घ्यायला कुणीतरी आपलं माणूस लागतं. आम्हाला भाऊ नाही. कोण उतरणार अशी कुजबुज चालली होती, तोवर बसू चपला काढून खाली उतरलासुद्धा. वरून तिला सोडलं, आणि त्यानं तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून तिला अलगद टेकवलं. तेव्हा मात्र मी रडले.

मग शोकसभा. मंगल कार्यालयात, खुर्च्या, फोटो, समई. अध्यक्ष कोण असणार? सिद्रामप्पा. मी जाणार नव्हते, मन्मथ म्हणाला, “ताई, तुमी न्हाय आल्या तर बरं दिसंल का?” गेले. सगळे गोड बोलले. मग सिद्रामप्पा उठले, रुमालानं डोळे टिपले. “आमच्या घरात बाईंच्या हातून एक चूक झाली, हे तुमा समद्यांना ठाऊक हाय. मानूस म्हटलं की चूक व्हतीया. पर आमी कधी त्यांच्या दाराला गेलो न्हाय, भांडलो न्हाय. आज त्यांच्या फोटोम्होरं सांगतो, आमी मन मोठं केलं. आमी बाईंना माफ केलं.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! मी ताडकन उठले. तोंड उघडलं. आणि अक्काची शपथ आडवी आली. सगळे माझ्याकडं बघत होते, त्यांना वाटलं बहिणीला गहिवरून आलं. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. बायकांच्या बाजूला महानंदा वहिनी उठली आणि नवऱ्याचं भाषण चालू असतानाच बाहेर निघून गेली. लोकांना वाटलं, चहाचं बघायला गेली असेल.

ती आमच्याकडं आली चार दिवसांनी, दुपारी, मुख्य रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल अशी. डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली. “शकूताई, तुमी पेपरात लिवता म्हनं.” म्हटलं, कधीमधी. “मग लिवा. ताप आला व्हता म्हनून लिवा. तापाच्या आदी माजं पोरगं कोंबड्याच्या आवाजानं उठायचं. मला अव्वा म्हनायचं. नवी भाकर थापाय बसले की त्या आवाजावर रांगत यायचं. भैरं असतं तर आलं असतं का?” मी म्हटलं, “वहिनी, अक्कानं शपथ घातलीय. तुमच्या घरातलं बाहेर न्यायचं नाही.” ती म्हणाली, “घर माजं हाय. म्याच तोंड धरून बसले एवढी वर्सं, आन् त्याच्यापायी बाई बोलल्या न्हाईत. आता म्याच सांगते. माजं नाव घालून लिवा.” मी विचारलं, “आणि अप्पा?” वहिनी हसली, आयुष्यात पहिल्यांदा मी तिला असं हसताना पाहिलं. “त्यांस्नी माफ करायची सवय हाय. मला बी करतील.”

मी चहा टाकला. उकळला तसं भांडं उतरवायला सांडशी घेतली, आणि माझं बोट आपोआप दोन दांड्यांच्या मधे गेलं. अक्का गेल्यापासून असं होतंय. मला त्याची सवय नाही, बोट चिमटतं, चहा हिंदकळतो. वहिनी म्हणाली, “ताई, बोट काढा की, चेंगरंल.” मग मी तिला सांगितलं. अक्का बाळ घेताना बोट असं ठेवायची, तुमच्या वेळेलाही असंच ठेवलं होतं, म्हणजे जो दाब पडायचा तो आधी तिच्या बोटावर पडायचा. वहिनी उठली. भांडं ओट्यावर ठेवलं होतं, सांडशी त्याच्या काठाला तशीच लागलेली. तिनं आपलं बोट दांड्यांच्या मधे घातलं आणि म्हणाली, “दाबा.” मी जरा दाबलं. “तसं न्हाय. जोरात दाबा.” मी दाबलं. ती हलली नाही. “अजून,” ती म्हणाली, आणि मी दाबत गेले. खताची गाडी, तो उसासा, ती जीप, त्या टाळ्या, सगळं माझ्या मुठीत आलं होतं, आणि सांडशीत बोट होतं ते महानंदेचं. ते ध्यानात आलं आणि मी झटकन हात सोडला.

तिनं बोट काढून खिडकीच्या उजेडात धरलं. मधल्या पेरावर दोन्ही बाजूंना खोल लाल वळ उठले होते. किती तरी वेळ ती ते बघत होती. मग म्हणाली, “एवढाले वळ बसूच्या गालावर न्हवते की वो.” आणि बोट पदरात गुंडाळून ती खाली बसली. चहा निवून गेला, तो मी परत गरम करायला ठेवला.